फिजिओथेरपीचा प्रवेश : अर्ज नेमका केव्हा करावा?

होसकोटे परिसरातील औद्योगिक वसाहतींत नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबे शैक्षणिक कर्जाच्या चौकशीसाठी शाखेत येतात, ती बहुधा बारावीचा निकाल हाती आल्यावर. फिजिओथेरपी, अर्थात भौतिकोपचार, या अभ्यासक्रमाच्या बाबतीत तोपर्यंत काही गोष्टी आपोआपच ठरून गेलेल्या असतात. म्हणून अर्जाची अंतिम तारीख पाहण्याआधी पुढील बाबींचा क्रमाने विचार करणे हितावह ठरेल.

दहावीपूर्वी : पात्रता

कर्नाटकातील शासकीय कोट्यासाठी सर्वसाधारणपणे पहिली ते बारावी या काळात किमान ७ वर्षे राज्यात शिक्षण झालेले असावे लागते. महाराष्ट्रात राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबरच दहावी व बारावी या दोन्ही परीक्षा त्या राज्यातून उत्तीर्ण होणे अपेक्षित असते. समजा, एखादा विद्यार्थी नववीत पुण्याहून होसकोट्यास आला व बारावीपर्यंत येथेच शिकला. त्याची कर्नाटकातील वर्षे भरतात अवघी चार, आणि महाराष्ट्रातील दहावी-बारावी तर नाहीच. बदलीच्या नोकरीतील काही पालकांच्या पाल्यांना दोन्ही राज्यांत सवलती आहेत, परंतु त्या सर्वांना लागू होत नाहीत. उरतात त्या अधिक शुल्काच्या जागा. तेव्हा बदली स्वीकारताना अथवा शाळा बदलताना हा हिशेब मांडावा.

अकरावीत : कल

भारतात या शिक्षणाचा आरंभ मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० च्या दशकात झाला. 'डॉक्टरकी हुकली म्हणून फिजिओथेरपी' हा विचार मात्र आजही कानी पडतो. पक्षाघात झालेल्या रुग्णाकडून तोच व्यायाम आठवडेच्या आठवडे करवून घेणे, हे चिकाटीचे काम आहे. अकरावीच्या सुटीत एखाद्या रुग्णालयाच्या परवानगीने या विभागाचे काम काही दिवस जवळून पाहावे. जीवशास्त्र हा विषय घेतलेला असणे अर्थातच आवश्यक आहे.

बारावीत : परीक्षा आणि पैसा

महाराष्ट्रातील प्रवेश 'नीट'च्या गुणांवर होतात. या परीक्षेचे अर्ज बारावीच्या निकालापूर्वीच भरावे लागतात. प्रवेशाचे नियम अलीकडे बदलत असल्याने त्या त्या वर्षीचे अधिकृत माहितीपत्रकच प्रमाण मानावे. पूर्वी साडेचार वर्षांचा असलेला हा अभ्यासक्रम २०२५ च्या नव्या राष्ट्रीय आराखड्यात प्रशिक्षणासह ५ वर्षांचा झाला आहे. खर्चाचा अंदाज बांधताना हे ध्यानी घ्यावे.

बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाख रुपयांपर्यंत तारण घेतले जात नाही. परतफेड सर्वसाधारणपणे अभ्यासक्रम संपल्यानंतर एका वर्षाने सुरू होते. मात्र हप्ता नसला तरी व्याज थांबत नाही. दरवर्षाच्या आरंभी १ लाख याप्रमाणे पाच वर्षांत ५ लाख रुपये उचलले व सरळव्याजाचा दर १० टक्के धरला, तर सहाव्या वर्षाअखेर केवळ व्याज २ लाख रुपये होते. शिक्षण चालू असताना व्याज भरत राहिल्यास हा भार वाढत नाही. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशास कर्ज मिळेल काय, हे शुल्क भरण्यापूर्वीच शाखेत विचारावे.

एक वर्ष थांबावे काय?

कल निश्चित असेल, पण गुण थोडक्यात कमी पडले असतील, तर एक वर्ष थांबणे गैर नाही. त्या वर्षाची किंमत म्हणजे नोकरीचे एक वर्ष उशिरा मिळणारे वेतन. कर्ज घेतलेले नसल्याने व्याज चढत नाही. याउलट मनाची तयारी नसताना घाईने प्रवेश घेऊन दुसऱ्या वर्षी शिक्षण सोडले, तर पदवी मिळत नाही. कर्ज मात्र विद्यार्थ्याच्या आणि सहकर्जदार पालकांच्या नावे उभेच राहते. मात्र केवळ 'पुढच्या वर्षी पाहू' म्हणून थांबणे व्यर्थ होय.

तात्पर्य, पात्रता, कल आणि पैसा या तिन्हींचे उत्तर 'होय' असेल, तीच अर्जाची योग्य वेळ. पालकांनी त्यासाठी निकालाची वाट न पाहता पाल्य नववीत असतानाच शाखेत येऊन चर्चा करावी.