एका घरात कोकण, पोर्तुगाल आणि इंग्रजी अंमल. वांद्र्यातल्या रानवारची घरं अशी का दिसतात?

वांद्र्यातलं घर म्हटलं की सेल्फीसाठी सगळे बँडस्टँडला 'मन्नत'समोर थांबतात. पण वांद्र्याचा जुना इतिहास पाहायचा तर हिल रोडवरून आत वळून रानवार गाठायला हवं.

रानवार कुणाचं?
वांद्र्याच्या जुन्या 24 पाखाड्यांपैकी ही एक. वस्ती मूळची ईस्ट इंडियन ख्रिश्चनांची. 1534 मध्ये साष्टी पोर्तुगीजांकडे गेली आणि इथल्या अनेक शेतकरी कुटुंबांचा धर्म बदलला. घरातली बोली मात्र मराठीच राहिली. पुढे मराठे आले आणि 1774 मध्ये इंग्रज.

घरात कुठून काय आलं?
उतरतं छप्पर आणि ओटी कोकणातली. उतारामुळे पावसाचं पाणी साचत नाही आणि पुढे आलेल्या छपरामुळे भिंती भिजत नाहीत. रस्त्याकडे तोंड असलेली लाकडी गॅलरी आणि बाहेरून वर जाणारा जिना ही पोर्तुगीज वळणाची खूण. या जिन्याचा व्यवहारातही फायदा होतो: वरचा मजला भाऊबंदांत वाटता येतो किंवा भाड्याने देता येतो.

1845 मध्ये माहीम कॉजवे झाला, नंतर रेल्वे आली. शहरातल्या नोकऱ्यांचा पैसा घरात आला आणि ओतीव लोखंडाचे कठडे, नक्षीदार झालरी दिसू लागल्या. छपरावरच्या मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळुरूत काढला होता. कौलांच्या फटींतून गरम हवा बाहेर जाते, म्हणून पंखा नसतानाही ही घरं सुसह्य होती.

मग अडचण काय?
सागवान महाग आणि जुनं काम जाणणारे सुतार कमी. एका घराचे वारस अनेक, त्यातले काही परदेशात. दुरुस्तीचा खर्च एकाने करायचा आणि जागेच्या किमतीत वाटा सगळ्यांचा. अशा वेळी बिल्डरचा प्रस्ताव सोपा वाटतो.

कायदा वाचवत नाही का?
मुंबईत 1995 पासून हेरिटेज नियमावली आहे. वास्तूंना एक, दोन आणि तीन अशी श्रेणी मिळते. 'मन्नत' तिसऱ्या श्रेणीत आहे. पण दर्जा मिळाला म्हणून दुरुस्तीचा खर्च सुटत नाही, तो मालकाच्याच खिशातून जातो. घर टिकवण्यासाठी मालकाला पैशांचं बळ मिळालं नाही, तर नुसत्या यादीने कौलं बदलली जात नाहीत.

रानवारला गेलात तर एक लक्षात ठेवा: ही संग्रहालयं नाहीत, आत माणसं राहतात. फोटो काढण्याआधी विचारा.