गोष्ट डॉक्टरांची, ऐकली सासूबाईंनी!

आमच्या त्र्यंबकेश्वरचा पाऊस ज्यांनी पाहिलाय, त्या मैत्रिणींना श्रावणातली दुपार वेगळी सांगायला नको. ब्रह्मगिरी ढगात बुडालेला, वीज गेलेली, दोरीवरचे कपडे दोन दिवस ओलेच. अशा वेळी तांदूळ निवडता निवडता मी सासूबाईंना वाचलेल्या गोष्टी सांगते.

गेल्या श्रावणात गोष्ट होती आयर्लंडमधल्या डॉक्टरांची. पॅट्रिक टेलर या लेखकाने या कादंबऱ्यांची मोठी मालिकाच लिहिली आहे. ते स्वतः डॉक्टर. १९६० नंतरच्या काळातलं बॅलीबकलबो नावाचं खेडं त्यांनी कल्पनेनं उभं केलंय. थोरले डॉक्टर ओरायली तोंडाने फटकळ, पण मनाने मऊ. हाताखाली नवखा डॉक्टर बॅरी. आणि दोघांना वेळेवर जेवू घालणाऱ्या, पेशंटांनाही शिस्त लावणाऱ्या किंकीबाई! सासूबाईंना त्याच आवडल्या. "घर तिच्यामुळेच चाललंय बघ!"

मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण तिथल्या बायका डॉक्टरला सगळं सांगतात? लाजत नाहीत?"

उत्तरासाठी मी कपाटातून आपलीच कादंबरी काढली. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ', १९६८ सालची. डॉ. आनंदीबाई जोशींची गोष्ट कुणाला ठाऊक नाही? नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, आणि मूल दहा दिवसांत गेलं. १८८३ साली बंगालमधल्या सेरामपूरच्या सभेत त्यांनी सांगितलं, की पुरुष डॉक्टरांना दाखवायला आपल्या बायका संकोचतात, म्हणून इथे स्त्री डॉक्टर हव्यात. त्यासाठी त्या अमेरिकेला गेल्या. ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली. कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमणूकही झाली, पण क्षयाने गाठलं. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. वय अवघं एकवीस!

सासूबाई काही बोलल्या नाहीत. रात्री भांडी आवरताना मात्र हळूच जवळ आल्या. "अगं, एक सांगू? रागावू नकोस. चार महिने झाले, अधूनमधून अंगावरून जातंय."

माझ्या हातातलं पातेलंच निसटलं. त्यांची पाळी जाऊन बारा वर्षं झाली होती! "आई, इतके दिवस बोलला का नाहीत?" तर म्हणाल्या, "या वयात कसली लाज काढायची चारचौघांत?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने आम्ही नाशिक गाठलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सोनोग्राफी केली, गर्भाशयातला तुकडा काढून तपासायला पाठवला. ते आठ दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. सुदैवाने साधी गाठ निघाली, काढून टाकली. पण डॉक्टरीणबाई बजावून म्हणाल्या, "पाळी बंद झाल्यावर एक थेंब जरी दिसला, तरी लगेच यायचं. दर वेळी कॅन्सर नसतो. पण असला, तर लवकर आलेलीच वाचते."

मैत्रिणींनो, सगळ्यांच्या औषधाच्या वेळा आपल्याला पाठ असतात, आपलं दुखणं मात्र आपण पदराआड ठेवतो. छातीत गाठ लागली, दोन आठवड्यांवर खोकला गेला, अंगावरून जाऊ लागलं, तर सणवार उरकायची वाट पाहू नका. आणि घरातल्या थोरल्या बाईला आपणहून विचारा.

सासूबाई आता ठणठणीत आहेत. परवाच म्हणाल्या, "ती किंकी राहिली की गं अर्धी! पुढे काय झालं?"