हसऱ्या चेहऱ्याची इवलीशी आई

कोळी म्हटलं की आपला हात आधी झाडूकडे जातो. दिवाळीच्या आधी छताची जळमटं काढल्याशिवाय घर स्वच्छ झाल्यासारखं वाटतच नाही. पण पाठीवर चक्क हसरा चेहरा घेऊन फिरणारा कोळीही असतो, हे वाचलं आणि मैत्रिणींनो, मी थबकलेच!

हा कोळी सापडतो फक्त प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवर. सर्वांत जवळचा खंडसुद्धा तिथून साडेतीन हजार किलोमीटरहून लांब. ओआहू, मोलोकाई, माउई आणि हवाई या बेटांवरच्या ओल्या जंगलात, पानाच्या खालच्या बाजूला त्याचा मुक्काम. अंग जेमतेम ५ मिलिमीटरचं, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढं! १९०० साली फ्रेंच अभ्यासक यूजीन सिमाँ यांनी त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं, थेरिडियॉन ग्रॅलेटर.

पोट पिवळसर, जवळजवळ आरपार दिसणारं. त्यावर लाल, काळ्या, पांढऱ्या रंगाची नक्षी. कुणाचे डोळे टपोरे, तर कुणाची जिवणी रुंद. बरेचसे मात्र साधे पिवळेच. हे रंग जन्मतःच आईबापाकडून येतात. सगळे एकसारखे दिसत नाहीत म्हणून पक्ष्यांना ते चटकन ओळखता येत नसावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

मला मात्र त्या रंगांपेक्षा भावली ती त्यांच्यातली आई. ती अंड्यांवर पहारा देते. पिल्लं बाहेर आली की स्वतः शिकार करून त्यांना भरवते. एवढंच नाही, तर दुसरीची पिल्लंही ती आपल्यात सामावून घेते. हे वाचताना मला माझी मावशी आठवली. स्वतःच्या दोघांबरोबर तिनं बहिणीचीही दोन मुलं वाढवली. त्यातली एक मी. ताटात कधी दुजाभाव नव्हता.

या इवल्याशा आईचं घर मात्र आता आक्रसतंय. आपल्या सोनटक्क्याच्याच कुळातली, पिवळ्या फुलांची एक हिमालयी वनस्पती कुणीतरी शोभेसाठी हवाईत नेली. ती तिथल्या जंगलात इतकी माजली, की तिच्या दाट गर्दीत मूळच्या झाडांची रोपं वर येईनाशी झाली. अशी जंगलं वाचवायला तिथली माणसं आता ती उपटून काढताहेत. त्यांना यश यायलाच हवं. कारण हा कोळी जगात दुसरीकडे कुठेच नाही.