झाडाचं वजन म्हणजे गांजाचं वजन नव्हे

जिल्ह्याच्या पानावरची ही बातमी आता पाठ झाली आहे. उसात नाहीतर तुरीत लपवलेली लागवड, पोलिसांचा छापा, उपटून रचलेली हिरवी झाडं आणि मथळ्यात 'इतके किलो गांजा जप्त'. मग टपरीवर भागाकार सुरू होतो. पंधरा झाडं, पंचेचाळीस किलो. म्हणजे झाडामागे तीन किलो! कॅनडातला भाचा कुंडीत कायदेशीर झाड लावतो आणि इकडे काका त्याच्या पिकाचा हिशेब किलोत मांडतात. हे इतक्यांदा ऐकलंय की आता कागद-पेन्सिल घेऊन बसावंच लागतंय.

त्या तीन किलोंत मुळं आहेत, मुळांना चिकटलेली माती आहे, खोड, फांद्या, पानं आहेत आणि सगळ्यात मुरलेलं पाणी. 1985 चा एनडीपीएस कायदा गांजा म्हणतो तो फुलोऱ्याच्या किंवा फळं धरलेल्या शेंड्यांना. शेंडे सोबत नसतील तर बिया आणि पानं त्यात धरत नाहीत. तराजूवर नेमकं काय चढवलं होतं, यावर कोर्टात वकील भांडतात ते उगाच नाही.

बरं, नुसता फुलोरा खुडला तरी तो ओला. मेथीची जुडी वाळवून पाहिलेल्या माणसाला हे सांगावं लागू नये. माझ्यावर विश्वास नसेल तर कॅनडाचा कायदा बघा: तिथे 1 ग्रॅम वाळलेला माल म्हणजे 5 ग्रॅम ताजा, असं कोष्टकच दिलंय. म्हणजे किलोभर ओल्या फुलोऱ्याचे उरले 200 ग्रॅम.

मग झाडामागे निघतं किती? नेदरलँड्सच्या संशोधकांनी 2006 मध्ये पोलिसांनी जप्त केलेल्या झाडांवरून हे मोजलं. तिथल्या सर्वसाधारण बेकायदा खोलीत, दिव्यांखाली, झाडामागे वाळलेला फुलोरा निघाला 33.7 ग्रॅम. किलो नव्हे, ग्रॅम! अर्थात तिथे एका चौरस मीटरमध्ये 15 झाडं दाटीनं लावलेली होती. झाडं कमी लावली तर प्रत्येकाला जागा आणि उजेड जास्त मिळतो. त्यामुळे 'झाडामागे किती' हा प्रश्नच अर्धवट आहे, जागेमागे विचारा. तिथे उत्तर होतं चौरस मीटरला 505 ग्रॅम.

त्याच खोल्यांत चौरस मीटरला 510 वॅटचे दिवे होते. 'वॅटला एक ग्रॅम' हा लाडका ठोकताळा इथे अगदी चपखल बसतो, आणि म्हणूनच घात करतो. हे आकडे धंदा म्हणून शेकडो झाडं वाढवणाऱ्यांचे आहेत, पहिल्यांदाच कुंडी भरणाऱ्याचे नाहीत. शिवाय वॅट सांगतो दिवा किती जोरात वीज खातो. किती दिवस खाल्ली ते सांगत नाही. वीजबिल युनिटवर येतं, वॅटवर नाही, हे आपल्याला दर महिन्याला कळतंच की!

बाकीचे गैरसमज किरकोळ. उंच झाड म्हणजे भरपूर पीक? उंची बऱ्याचदा उजेडासाठी केलेली धडपड असते. प्रत्येक बी पीक देतं? नर झाडाला हा फुलोरा येतच नाही आणि साध्या बियांतून साधारण निम्मी झाडं नर निघतात. 'आपल्याकडे एक-दोन झाडं चालतात, भांग विकतातच की'? व्याख्येतून पान सुटतं, लागवड सुटत नाही. विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे, कुंडी एकच असली तरी.

जर्मनीत एप्रिल 2024 पासून प्रौढ माणसाला घरी तीन झाडं लावता येतात. पण वाळलेला माल घरात ठेवायची मर्यादा 50 ग्रॅम. डच आकड्यानं तीन झाडांचे होतात 101. तिथल्या भाच्याला काकांनी किलोचा हिशेब विचारण्यापेक्षा उरलेल्या 51 ग्रॅमचं तो काय करणार, ते विचारावं.