आबिड्सच्या पलीकडचा मराठी क्लब

हैदराबादेतल्या आबिड्सच्या चौकाला ज्याचं नाव मिळालं, तो आल्बर्ट आबिद सहाव्या निजामाचा, महबूब अली खानांचा, खासगी सेवक. त्याचं इथं दुकान होतं. या निजामाला 1884 साली पूर्ण अधिकार मिळाले आणि त्याच साली निजाम क्लब निघाला, तो अमीर-उमरावांचा आणि बड्या अंमलदारांचा. सिकंदराबाद क्लब 1878चा, गोऱ्या लष्करी साहेबांचा. मराठी मास्तर-कारकुनाला या दोन्ही ठिकाणी कोण विचारतो?

त्यांची उठबस जमली ती चौकापलीकडे, जामबागेत. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक प्रभृतींनी 1907 साली विवेकवर्धिनी शाळा काढली; 1922 साली मराठी ग्रंथसंग्रहालय आलं. शाळा, वाचनालय, गणेशोत्सव हाच आमच्या लोकांचा क्लब. त्याला कारणही होतं. 1921 पासून राजकीय सभेला सरकारची परवानगी लागू लागली, पुढे ‘गश्ती निशान 53’ या सरकारी परिपत्रकाने फास आणखी आवळला. वाचनालयात चार माणसं जमली तर मात्र कोतवालीला निदान निमित्त शोधावं लागे.

पण हा क्लबही कसा बंदिस्त होता, ते 1921च्या नोव्हेंबरात दिसलं. विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात निजाम राज्य सामाजिक परिषद भरली होती, अध्यक्ष महर्षी कर्वे. भाषणं इंग्रजीत आणि मराठीत चाललेली. आलमपल्ली वेंकट रामाराव हे वकील तेलुगूत बोलायला उभे राहिले आणि सभागृहानं त्यांची हुर्यो उडवली. ज्या शहरात तेलुगू भाषक एवढे, तिथं! दुखावलेल्या तेलुगू मंडळींनी त्याच रात्री आंध्र जनसंघाची स्थापना केली. माडपाटी हनुमंतराव त्यात पुढे होते. समाजसुधारणेच्या सभेत हे घडावं, ही आपल्या मंडळींची मोठीच नामुष्की. आपल्याकडे तिचा उल्लेख जरा कमीच होतो.

मानाचे प्रसंग आपण बरे लक्षात ठेवतो. 1931 साली इथं साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष ज्ञानकोशकार केतकर. पुढे 1948च्या पोलीस कारवाईनं निजामाचं राज्य भारतात आलं, आणि 1956 साली त्यातला मराठवाडा मुंबई राज्यात गेला. हैदराबादेत उरलेले मराठी लोक एकदम अल्पसंख्य झाले.

हुर्यो झाली त्याच वर्षी जन्मलेल्या एका तेलुगू माणसानं हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी तेलुगूत नेली. ते पी. व्ही. नरसिंह राव, पुढे देशाचे पंतप्रधान. मराठी ते अस्खलित बोलत.