वाटण्या केल्या तरी वाडा एकच

नवा कॉम्प्युटर जोडून देणारा माणूस एक प्रश्न हमखास विचारतो, 'पार्टिशन किती करू?' आपण म्हणतो, 'करा दोन-तीन.' मग सी, डी आणि ई असे तीन ड्राइव्ह पडतात. सीमध्ये विंडोज, डीमध्ये कामाच्या फायली, ईमध्ये लग्नाचे फोटो आणि सिनेमे. वर्ष-दोन वर्षं सुखात जातात आणि एक दिवस सी ड्राइव्हखालची निळी पट्टी लाल होते. ई मात्र निम्म्याहून जास्त रिकामा. अशा वेळी सल्ला देणारे कमी नसतात. 'अरे, सीमधले मोठे फोल्डर उचल आणि डीवर टाक, हाय काय अन् नाय काय!'

यातले कोणते फोल्डर उचलावेत, कोणत्यांना हात लावू नये आणि उचलल्याने नेमकं काय साधतं, याबद्दल ऐकीव गोष्टीच जास्त आहेत. त्यातल्या सहा तपासून पाहू.

गैरसमज : सिस्टिम एकीकडे आणि डेटा दुसरीकडे, असे ड्राइव्ह पाडलेच पाहिजेत.

वस्तुस्थिती : ही सवय जुन्या अडचणीतून आली आहे. सुरुवातीच्या पीसीमध्ये ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीसाठी राखलेली होती, म्हणून हार्ड डिस्कच्या वाट्याला सी आलं. १९९५ साली विंडोज ९५ आलं, तेव्हा त्याची फायली मांडण्याची पद्धत, म्हणजे फॅट १६, एका पार्टिशनला २ जीबीच्या पुढे जाऊ देत नसे. ४ जीबीची डिस्क आणली की वाटण्या करणं भागच होतं. शिवाय २ जीबीच्या पार्टिशनमध्ये जागेचा सर्वांत छोटा तुकडा ३२ केबीचा असे. म्हणजे चार ओळींचं पत्र साठवलं तरी ३२ केबी गेले! पार्टिशन लहान केलं की हा तुकडाही लहान होई आणि जागा वाचे. १९९६ मध्ये फॅट ३२ आलं, पुढे घरोघरी एनटीएफएस आलं आणि दोन्ही कारणं संपली. हात मात्र अजून वाटण्याच करतो.

युनिक्समध्येही हेच झालं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची ज्या यंत्रावर काम करत होते, त्याची डिस्क अगदी तोकडी होती. ती भरली तेव्हा सिस्टिमचे काही प्रोग्राम दुसऱ्या डिस्कवर, वापरकर्त्यांसाठी ठेवलेल्या 'यूएसआर' नावाच्या फोल्डरमध्ये हलवावे लागले. तात्पुरत्या सोयीची पुढे परंपरा झाली. युनिक्सच्या धर्तीवरच्या लिनक्समध्येही ती उतरली. ही दुहेरी मांडणी मोडून सगळे प्रोग्राम पुन्हा एकत्र आणायला फेडोरा लिनक्सला २०१२ साल उजाडलं. आज डेबियन लिनक्स बसवताना 'सगळं एकाच पार्टिशनमध्ये' हा पर्याय नवख्यांसाठी योग्य म्हणून पुढे केला जातो.

गैरसमज : पार्टिशन केलं की कॉम्प्युटर वेगाने चालतो आणि एसएसडीही जास्त टिकते.

वस्तुस्थिती : फिरणाऱ्या हार्ड डिस्कमधल्या वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या सुया एकाच दांड्याला जोडलेल्या असतात आणि सगळ्या एकत्रच सरकतात. सिस्टिम सीवर आणि तिची 'पेजफाइल', म्हणजे मेमरी अपुरी पडली की वापरायची फाइल, त्याच डिस्कच्या डीवर ठेवली, तर त्या दांड्याला दोन टोकांमध्ये येरझाऱ्या घालाव्या लागतात. वेग वाढायचा सोडून कमीच होतो.

एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे तिथे फायदा नाही आणि तोटाही नाही. आयुष्याचं म्हणाल, तर तुम्ही पाडलेल्या सी आणि डीच्या सीमा एसएसडीच्या आतल्या पेशींपर्यंत पोहोचतच नाहीत. कोणत्या पेशीवर लिहायचं हे तिचा नियंत्रक ठरवतो आणि झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून लिखाण पूर्ण चिपभर फिरवत राहतो.

वेग खरोखर हवा असेल, तर डिस्कच दोन हव्यात. सिस्टिम एसएसडीवर ठेवावी आणि फोटो-व्हिडिओचा पसारा जुन्या हार्ड डिस्कवर न्यावा. या मांडणीत डी ड्राइव्हला खरा अर्थ येतो.

गैरसमज : सीमधला कुठलाही फोल्डर कट करून डीवर पेस्ट करता येतो.

वस्तुस्थिती : फोल्डर जाईल, पण त्याचा पत्ता बदलल्याचं कोणालाच कळणार नाही. प्रोग्राम बसवताना तो आपल्या फायली कुठे आहेत याची नोंद रजिस्ट्रीमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, करतो. स्टार्ट मेनूचे शॉर्टकट, अपडेट आणणारी यंत्रणा, अनइन्स्टॉल करणारी फाइल, सगळे त्याच पत्त्यावर जातात. तिथे कोणी नसलं की 'फाइल सापडत नाही' सुरू होतं.

म्हणूनच 'विंडोज', 'प्रोग्राम फाइल्स', 'प्रोग्रामडेटा' आणि 'यूजर्स' हे चार फोल्डर आहेत तिथेच राहू द्यावेत. रजिस्ट्रीत बदल करून 'प्रोग्राम फाइल्स'ची जागा हलवणाऱ्यांना मायक्रोसॉफ्टने आपण अशा बदलाला पाठिंबा देत नाही, असं स्पष्ट सांगितलं आहे. संपूर्ण 'यूजर्स' फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर नेला, तर पुढच्या आवृत्तीवर जाताना विंडोज अडकू शकतं. आज सगळं ठीक चालतं आणि वर्षभराने मोठं अपडेट येतं तेव्हा तोंडघशी पडायची वेळ येते. तोवर आपण काय हलवलं होतं, हेही आठवत नसतं.

नवा प्रोग्राम बसवताना 'कुठे बसवू?' या प्रश्नाला डी ड्राइव्हचं उत्तर देणं वेगळं. ते चालतं, विशेषतः मोठ्या गेमसाठी. पण त्याचाही थोडा भाग सीवर राहतोच. आणि प्रोग्राम डीवर आहे म्हणून सी फॉरमॅट केल्यावर तो जसाच्या तसा चालेल, ही आशाही बहुतेकदा फोल ठरते. रजिस्ट्रीतली नोंद पुसली गेलेली असते, तो पुन्हा बसवावाच लागतो.

गैरसमज : मग सीवरचं काहीच हलवता येत नाही.

वस्तुस्थिती : डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, व्हिडिओज आणि डेस्कटॉप हे तुमचे स्वतःचे फोल्डर आहेत आणि ते हलवायची सोय विंडोजनेच दिली आहे. फोल्डरवर राइट क्लिक करा, 'प्रॉपर्टीज' उघडा, 'लोकेशन' या टॅबवर जा आणि 'मूव्ह' दाबा. जुन्या फायली नव्या जागी न्यायच्या का, असं विंडोज विचारतं. 'यस' म्हणायचं. यात कट-पेस्ट नाही, पत्त्याची अधिकृत नोंद बदलते, म्हणून प्रोग्रामही वाट चुकत नाहीत. वनड्राइव्ह चालू असेल, तर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स आधीच त्याच्या ताब्यात गेलेले असू शकतात. आधी तिथला बॅकअप बंद करावा, मग हलवावं.

यात एक खाच आहे आणि तिथे मी स्वतः ठेचकाळलो आहे. मामांच्या कॉम्प्युटरवर सी भरला होता, म्हणून मी डॉक्युमेंट्स हलवायला बसलो. जागा निवडताना डी ड्राइव्हमध्ये नवा फोल्डर करायचा सोडून थेट डी ड्राइव्हच निवडला आणि 'यस' म्हणून मोकळा झालो. रात्री मामांचा फोन आला.

'अरे, माझा डी ड्राइव्ह कुठे गेला?'

'असेल की तिथेच, मामा. नीट बघा.'

'नीटच बघतोय. तिथे डॉक्युमेंट्स लिहिलंय.'

अख्ख्या डी ड्राइव्हचाच डॉक्युमेंट्स फोल्डर झाला होता. सोसायटीचे हिशेब, नातीच्या बारशाचे फोटो, सगळं त्याच्या पोटात. पूर्ववत करायला गेलो, तर विंडोज म्हणालं, इथल्या सगळ्या फायली परत सीवर नेऊ का? म्हणजे भरलेल्या सीवर अख्खा डी! त्या वेळी 'नो' म्हणायचं सुचलं म्हणून निभावलं. तेव्हापासून नियम केला आहे. आधी डीमध्ये 'माझी कागदपत्रं' असा फोल्डर करायचा आणि मगच 'मूव्ह'ला हात लावायचा. प्रत्येक फोल्डरसाठी वेगळी जागा. डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स एकाच जागी नेले, तर त्यांची खिचडी होते.

गैरसमज : लिनक्समध्ये हवा तो फोल्डर हव्या त्या पार्टिशनवर नेता येतो.

वस्तुस्थिती : लिनक्समध्ये ही मोकळीक विंडोजपेक्षा खूप जास्त आहे, पण तिलाही हद्द आहे. 'होम' हा फोल्डर वेगळा करणं फायद्याचं असतं. सिस्टिम पुन्हा बसवताना तेवढं पार्टिशन फॉरमॅट केलं नाही, की तुमच्या फायली आणि सेटिंग जागच्या जागी राहतात. 'एटसी' मात्र मूळ पार्टिशनवरच हवा. कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं याची यादी, म्हणजे 'एफएसटॅब' ही फाइल, त्याच फोल्डरात असते. तो वेगळ्या पार्टिशनवर टाकणं म्हणजे कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून दार ओढून घेणं.

होम हलवतानाही एक गोष्ट हटकून चकवते. फायलींची नक्कल केली, एफएसटॅबमध्ये ओळ लिहिली, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, सगळं दिसतंय. पण मूळ पार्टिशनवर जागा काही मोकळी झालेली नाही! कारण नवं पार्टिशन जुन्या होम फोल्डरच्या वर येऊन बसतं. खालच्या फायली पुसल्या जात नाहीत, फक्त झाकल्या जातात. जमखाना अंथरला म्हणून खालची सतरंजी कुठे जात नाही, तसंच. नव्या जागी सगळं नीट चालतंय याची दोन-चार दिवस खात्री करावी, नवं पार्टिशन तात्पुरतं बाजूला करावं आणि मगच खालच्या जुन्या फायली काढाव्यात. नक्कल करताना फायलींची मालकी आणि परवानग्याही सोबत गेल्या पाहिजेत, नाहीतर स्वतःच्याच घरात पाऊल टाकायला मज्जाव होतो.

गैरसमज : डेटा डीवर आहे, म्हणजे सुरक्षित आहे. आणि जागा कमी पडली तर सी वाढवता येईलच.

वस्तुस्थिती : विंडोज बिघडलं आणि फक्त सी फॉरमॅट करावा लागला, तर डीवरच्या फायली वाचतात, हे खरं. पण डिस्कच गेली तर सी, डी आणि ई एकदमच जातात. भावाभावांनी वाड्याच्या वाटण्या केल्या, मध्ये भिंत घातली, तरी छप्पर एकच असतं. ते कोसळलं की कोणाचीच खोली उरत नाही. लॅपटॉप चोरीला गेला तरी तेच. मे २०१७ मध्ये जगभर धुमाकूळ घालणाऱ्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसनेही ड्राइव्हची अक्षरं पाहून दयामाया दाखवली नाही. जोडलेल्या प्रत्येक ड्राइव्हवरच्या फायली त्याने कुलूपबंद केल्या. बॅकअपचा जुना ठोकताळा आजही पुरतो. प्रती तीन, साधनं दोन प्रकारची आणि त्यातली एक प्रत घराबाहेर.

सी वाढवण्याचं म्हणाल, तर विंडोजच्या 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये सीच्या लगेच उजवीकडे मोकळी जागा असेल तरच तो वाढतो. तिथे डी असतो किंवा विंडोजचं छोटं रिकव्हरी पार्टिशन असतं. म्हणून ईमध्ये १०० जीबी मोकळे असले, तरी सीला त्यातला एकही मिळत नाही. भिंत चुकीच्या जागी पडली की तंत्रज्ञांनाही ती जाचते. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० चं एक सुरक्षा अपडेट असंख्य कॉम्प्युटरवर बसेना. त्याला रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा हवी होती आणि ते पार्टिशन आधीच तोकडं आखलेलं होतं.

या अडचणीवर नव्या सिस्टिमने उपाय काढला आहे. ॲपलच्या मॅकमध्ये २०१९ पासून सिस्टिम आणि वापरकर्त्याचा डेटा वेगवेगळ्या विभागांत असतो, पण दोघांची मोकळी जागा सामाईक असते. फेडोरा लिनक्सच्या डेस्कटॉपवर २०२० पासून तशीच सोय आहे. विभाग वेगळे, कोठार एक. कोणाला किती लागेल याचा अंदाज आधीच बांधावा लागत नाही.

तेव्हा घरच्या कॉम्प्युटरला एकच एसएसडी असेल, तर ती अखंड ठेवलेलीच बरी. दोन डिस्क असतील, तर आपले फोल्डर दुसरीवर न्यावेत. आधीपासून सी-डी-ई असतील आणि सी भरत आला असेल, तर आधी डाउनलोड्समधला केर काढावा, मग डॉक्युमेंट्स आणि फोटो रीतसर हलवावेत. सिस्टिमचं सिस्टिमला राहू द्यावं. आणि यातलं काहीही करण्याआधी बाहेरच्या डिस्कवर एक प्रत घ्यावी.

मामांनी आता तशी डिस्क घेतली आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते हिशेब आणि फोटो तिच्यात उतरवतात आणि ती पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या मावशीच्या कपाटात नेऊन ठेवतात. नवा कॉम्प्युटर आला, तेव्हा जोडणाऱ्याने विचारलं, 'पार्टिशन किती करू, काका?' मामा म्हणाले, 'राहू दे एकच. वाटणीतला हिस्सा मावशीकडे आहे.'