लाल बटनाची वायर

कृष्णाकाठच्या बागायतदाराची झोप लाईटीच्या पाळीवर ठरते. शेतीपंपांना थ्री-फेज वीज आलटून पालटून मिळते: कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की बारा-एकला उठायचं, बॅटरी घ्यायची, बांधाबांधाने विहिरीवर किंवा नदीवरच्या मोटरीवर जायचं आणि स्टार्टरची पेटी उघडून हिरवं बटन दाबायचं. मध्येच लाईट गेली तर पुन्हा फेरा. शिराळा, वाळवा, कराड या तालुक्यांतल्या उसात बिबट्या आता नवलाचा राहिलेला नाही. पाचटात घोणस असते. भिलवडी-औदुंबरच्या अंगाला नदीवर मोटर असेल तर मगरीचंही भान ठेवावं लागतं. आणि हे सगळं अंगावर घेऊन करायचं काम म्हणजे एक बटन दाबणं.

या फेऱ्यावर पहिला उपाय निघाला तो ऑटो स्विचचा. लाईट आली की मोटर आपोआप सुरू. पण सुरू होताना मोटर नेहमीच्या सहापटीपर्यंत करंट ओढते. एका डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठल्या तर डीपीला ते झेपत नाही, आणि डीपी जळाली की साऱ्या शिवाराचं पाणी थांबतं. म्हणून महावितरण ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा, असं सांगत आलं आहे. दुसरा उपाय मोबाईल स्टार्टरचा. पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांनी आजोबांची पंपापर्यंतची पायपीट पाहिली होती. त्यातून पुढे ‘नॅनो गणेश’ हे यंत्र आलं आणि २००९ साली नोकियाच्या स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. आज अशी यंत्रं अनेक कंपन्या बनवतात. सगळ्यांची रीत सारखीच: पेटीशेजारी एक डबी, तिच्यात सिमकार्ड. घरून फोन लावायचा, ठरलेला आकडा दाबायचा, तिकडे मोटर सुरू.

डबी कोणीही विकत आणू शकतो. ती जोडणाऱ्याचं कसब मात्र पेटीच्या आत दिसतं.

स्टार्टरच्या पेटीत जाड वायरी असतात, त्यांतून मोटरीचा करंट जातो. त्यांच्यामागे बारीक वायरी असतात, त्या कंट्रोलच्या. मोबाईल स्टार्टरचं सगळं काम या बारीक वायरींवर चालतं. साध्या स्टार्टरमध्ये एका फेजवरून निघालेली बारीक वायर आधी लाल बटनातून जाते, मग हिरव्या बटनातून, मग कॉईलमधून आणि ओव्हरलोड रिलेमधून दुसऱ्या फेजला मिळते. हिरवं बटन एरवी तुटलेलं असतं, दाबल्यावर जोडतं. लाल बटन एरवी जोडलेलं असतं, दाबल्यावर तोडतं. हिरवं दाबलं की कॉईल पट्टी ओढते, मोटर फिरू लागते आणि पट्टीबरोबर हलणारा एक छोटा कॉन्टॅक्ट हिरव्या बटनाच्या जागी वाट मोकळी ठेवतो. म्हणून बोट काढलं तरी मोटर चालू राहते. मोबाईलच्या डबीत दोन रिले असतात. चालूचा रिले हिरव्या बटनाच्या दोन टोकांना समांतर जोडायचा. बंदचा रिले लाल बटनाच्या वायरीत, ती तोडून, मध्ये घालायचा. कागदावर एवढंच आहे.

पेटीत ते एवढं सोपं राहत नाही. जोडणीच्या नकाशात लाल, पिवळा, निळा असे फेजचे रंग ठरलेले असतात. पण २०१९ आणि २०२१ च्या पुरांत नदीकाठच्या कितीतरी मोटरी घाईघाईने वर ओढाव्या लागल्या, आणि पाणी ओसरल्यावर हाताला येईल त्या वायरीने पुन्हा जोडल्या गेल्या. एरवीही पेटीत पाल शिरते, उंदीर वायर कुरतडतो, जळालेला तुकडा बदलताना घरातली उरलेली वायर वापरली जाते. कंट्रोलच्या साऱ्या वायरी काळ्याच, अशी पेटी सर्रास भेटते. रंगावर विसंबून काम करणाऱ्याला मी कारागीर म्हणणार नाही.

खिशातला टेस्टरही इथे फसवतो. कॉईल दोन फेजांवर चालणारी असली की मोटर बंद असतानाही हिरव्या बटनाच्या दोन्ही टोकांना टेस्टर पेटतो: एका टोकाला थेट आलेली फेज असते, दुसऱ्याला कॉईलमधून फिरून आलेली. लाल बटनाच्या टोकांनाही पेटतो. सगळीकडे उजेड असल्यावर कुठली वायर कुठली, हे कळणार कसं? म्हणून जाणता माणूस आधी मेन स्विच पाडतो, फ्यूज काढून खिशात ठेवतो आणि तिन्ही फेज मेल्याची मीटरवर खात्री करतो. मग मीटर कंटिन्युटीवर लावून बटनं एकेक करून दाबतो. दाबल्यावर मीटर वाजला, तर ती चालूची जोडी. एरवी वाजत होता आणि दाबल्यावर गप्प झाला, तर ती बंदची. प्रत्येक टोकाला तिथल्या तिथे चिकटपट्टी. मोठ्या मोटरीच्या स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये तीन कॉन्टॅक्टर आणि टायमर असतो, वायरींचा गुंता भीती घालतो. पण शोधायच्या असतात त्या याच दोन जोड्या.

थंड देशांत लोक घरातूनच मोटारगाडी सुरू करण्यासाठी असं यंत्र बसवतात, तिथेही हीच पारख लागते. किल्लीच्या स्विचमागे वायरींचा झुबका असतो. चालू स्थितीत आणि इंजिन उठतानाही जिच्यात १२ व्होल्ट टिकतात ती इग्निशनची. फक्त किल्ली शेवटपर्यंत फिरवल्यावर जिच्यात येतात ती स्टार्टरची. गाडी कुठल्या कंपनीची, वायरीचा रंग कुठला, याने काही सिद्ध होत नाही, मीटरने होतं. एअरबॅगच्या पिवळ्या जोडण्यांना तर हातच लावायचा नाही.

आमच्याकडे मात्र सगळ्यांचं लक्ष चालूच्या जोडीवर असतं. घरी बसून फोन लावला, मोटर उठली, पाईपातून पाणी आलं की काम झालं असं मानलं जातं. माझं म्हणणं असं, की या यंत्राची खरी किंमत लाल बटनाच्या वायरीत आहे. ती घाईत कशीतरी जोडली, किंवा नुसती सोडून दिली, तर मोटर घरून सुरू होते पण घरून थांबत नाही. कोणी चालूची वायर लाल बटन वगळून थेट कॉईलवर नेतो. मग रिले जोडलेला असेपर्यंत लाल बटन दाबूनही मोटर थांबत नाही. विहीर आटली तर पंप कोरडा फिरतो. चांगल्या डबीत त्यासाठी एका वायरीवर घालायची करंट मोजणारी रिंग येते. करंट ठरावीक पातळीखाली गेला की डबी मोटर स्वतःच थांबवते. पण थांबवते ती लाल बटनाच्या वाटेनेच.

नुकसान मोटरीपुरतं नसतं. वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांत भारी काळ्या जमिनी पांढऱ्या पडल्या आहेत. निचरा कमी आणि पाणी अतोनात, यातून ही क्षारपड झाली. रात्री दोनला पाणी बंद करायला कोण उठणार, म्हणून मोटर पहाटेपर्यंत चालू राहायची आणि सऱ्या तुंबायच्या. ज्या माणसाला अंथरुणातून मोटर थांबवता येते, त्याच्या रानाला जास्तीचं पाणी जाण्याचं एक कारण कमी होतं. औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी उभी केली. तिथल्या पंपांनी याच पलूसच्या परिसरात पाणी वर चढवणं सोपं केलं. आता ते वेळेवर थांबवण्याचं काम आहे, आणि ते बरंचसं गावोगावच्या मोटर दुरुस्तीच्या दुकानांतल्या पोरांच्या हातात आहे. त्यांना पाच मिनिटांत काम उरकण्याची घाई गिऱ्हाईकच लावतं. अर्धा तास जास्त द्यावा, आणि त्या अर्ध्या तासाचे पैसेही.

जोडणी झाल्यावर तीन गोष्टी तपासून घ्याव्यात. डबीची वीज काढून टाकली तरी पेटीवरच्या दोन्ही बटनांनी मोटर पूर्वीसारखी चालू-बंद झाली पाहिजे. फोनवरून सुरू केलेली मोटर पेटीवरच्या लाल बटनाने थांबली पाहिजे. आणि पेटीवरून सुरू केलेली फोनवरून थांबली पाहिजे. यातली एकही चुकली तर कारागिराला जाऊ देऊ नये. शिवाय पेटीच्या दारावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावं, की ही मोटर फोनवर चालते. विहिरीत उतरण्याआधी किंवा मोटरीला हात लावण्याआधी मेन स्विच पाडा आणि फ्यूज काढून स्वतःजवळ ठेवा. घरी कोणाच्या हातात फोन आहे, हे विहिरीत उतरलेल्या माणसाला कळायचा दुसरा मार्ग नाही.